चेहरा उठत नाही म्हणे

युवक महोत्सवाच्या आधी आमच्या कॉलेजात एकांकिकेसाठी मुलं निवडतात. मी मानसशास्त्र शिकवते. नाटकातलं मला फार कळतं असं नाही, पण परीक्षकांत एक तरी बाई हवी म्हणून दरवर्षी मला बसवतात. तीन वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गावाहून एसटीनं येणारी मुलगी उतारा वाचायला उभी राहिली. काळीसावळी, ठेंगणी, दात थोडे पुढे. तिनं तोंड उघडलं आणि मागच्या बाकावरच्या पोरांनी मोबाइल खाली ठेवले. तिच्यानंतर आली ती उंच, गोरी मुलगी. दोनदा अडखळली, एकदा हसली. आम्ही नायिका दिली दुसरीला आणि पहिलीला दिली आजी.

‘मॅडम, माझं काय चुकलं?’ तिनं जिन्यात विचारलं.

‘चुकलं काही नाही गं, त्या भूमिकेला जरा प्रेझेन्स लागतो,’ मी म्हणाले.

रात्री पिशवीतून तो गुणतक्ता निघाला. त्यात आवाज, पाठांतर, हावभाव, रंगमंचावरचा वावर असे वेगवेगळे रकाने होते. ‘आवाज’ या रकान्यात मी पहिलीला 7 दिले होते, दुसरीला 8. वावराचं एक वेळ समजू शकतं, पण आवाज? तो तर मी कानांनी ऐकला होता. निदान माझी तशी समजूत होती. जी गोष्ट मी दरवर्षी द्वितीय वर्षाच्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवते, तीच माझ्या अक्षरात समोर पडली होती.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1920 साली एक छोटा निबंध छापला. लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा बाबींत वेगवेगळे गुण देत. थॉर्नडाइकनं ते ताडून पाहिले, तर सगळे रकाने एकमेकांच्या मागे चालत होते. अंगापिंडानं भक्कम माणूस बुद्धीतही वर, नेतृत्वातही वर. खऱ्या आयुष्यात या गोष्टींचा इतका जवळचा संबंध नसतो. पाहणाऱ्याच्या मनात आधी एकच एकूण मत बनतं आणि तेच प्रत्येक रकान्यात झिरपतं. याला त्यानं ‘हेलो’ म्हटलं. आपल्याकडच्या तसबिरीत देवाच्या डोक्यामागे असतं ते तेजोवलय.

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, आणि त्यात चूक नाही, कारण शीत त्याच पातेल्यातलं असतं. चेहरा आणि आवाज मात्र एका पातेल्यात शिजत नाहीत. त्वचेचा रंग ठरतो मेलॅनिन या रंगद्रव्यावर. आवाज ठरतो स्वरतंतू, घशाची पोकळी आणि रियाजावर. तरी आपण एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधतो. आपल्या मराठीनं तर ही गफलत शब्दातच मुरवून टाकली आहे. ‘पोराची पर्सनॅलिटी चांगली आहे’ असं म्हणताना आपल्याला स्वभाव अभिप्रेत नसतो. उंची आणि छाती असते.

हे सगळं किती झटकन होतं, तेही मोजलेलं आहे. 2006 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवले आणि विचारलं, हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का? लोकांनी बेधडक उत्तरं दिली. मग पाहायला जास्त वेळ दिला, तर मत फारसं बदललं नाही. वाढला तो आपल्या मताबद्दलचा आत्मविश्वास. परीक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य दोनदा वाचावं असं मला वाटतं. मी नीट, वेळ घेऊन पाहिलं होतं, ही माझी सबब तिथेच संपते.

पण कलेच्या क्षेत्राला हा रोग जास्त का जडतो? याचं उत्तर मला 1974 च्या एका प्रयोगात सापडतं. डेव्हिड लँडी आणि हॅरल्ड सिगॉल यांनी कॉलेजातल्या 60 मुलग्यांना एक निबंध तपासायला दिला. काहींना चांगला लिहिलेला, काहींना गबाळा. काही प्रतींना लेखिका म्हणून देखण्या मुलीचा फोटो लावला, काहींना दिसायला उणी अशा मुलीचा, काहींना फोटोच नाही. मजकूर तोच, पण देखणीच्या नावावर गुण जास्त पडले. आणि खरी मेख पुढे आहे: हा फरक चांगल्या निबंधापेक्षा गबाळ्या निबंधात जास्त होता. म्हणजे देखण्या मुलीचं कच्चं लिखाण ‘हिच्यात काहीतरी आहे’ म्हणून सांभाळून घेतलं जातं. दुसरीला मात्र पहिल्या दिवसापासून पक्कंच असावं लागतं.

करिअर घडतं ते असल्या सांभाळून घेण्यावरच. नाटक, निवेदन, जाहिरात, गाणं, कुठलीच मुलगी पहिल्या वर्षी पक्की नसते. संधी मिळते, चुका होतात, हात बसतो. जिचे कच्चे दिवस कुणी पोसत नाही, ती दोन वर्षांत डीएडचा फॉर्म भरते, आणि मग आपण म्हणतो, ‘तिला मुळात आवडच नव्हती.’ शिवाय गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर की चूक ते तरी ठरतं. ‘प्रेझेन्स’चं उत्तर मागच्या पानावर छापलेलं नसतं. मोजपट्टी जितकी सैल, तितकी रूपाला शिरायला फट मोठी.

दिसायला चांगली असणाऱ्यांचं सगळं सोपं असतं असंही नाही. मॅडलिन हाइलमन आणि लोइस सारुवातारी यांच्या 1979 च्या अभ्यासात देखणेपण पुरुष उमेदवारांना सगळ्याच पदांसाठी उपयोगी पडलं. बायकांना ते कारकुनी पदासाठी उपयोगी पडलं, व्यवस्थापकाच्या पदासाठी उलट आडवं आलं. आमच्याकडे याचं रोजच्या भाषेतलं रूप असं: देखणी मुलगी नायिका होते, दिग्दर्शिका व्हायला निघाली की ‘तुला कशाला तो व्याप?’ म्हणतात.

आता कॅमेऱ्याकडे येते, कारण हल्ली नाटकाच्या निवडीतही मोबाइलवर व्हिडिओ काढून पाहतात. निवडीच्या त्या दिवशी आमच्या एका सरांनी त्या पहिल्या मुलीचा व्हिडिओ दाखवून म्हटलं होतं, ‘बघा, चेहराच उठत नाही.’ खरंच उठत नव्हता. पण त्यामागे हॉलची भिंत होती, दिवाळीत चुना मारलेली, पांढरीफटक.

कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, उजेड कळतो. त्याचा उजेड मोजणारा मीटर असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या रंगाचं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे 18 टक्के परत फेकणारं. मागे पांढरी भिंत आली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच चित्र अंधारून टाकतो. गोरा चेहरा त्यात जेमतेम तगतो. सावळ्या चेहऱ्यावरचे बारकावे मात्र काळोखात बुडतात. भुवईची हालचाल, ओठाच्या कोपऱ्यातलं हसू, जे अभिनयाचं सगळं भांडवल, तेच नाहीसं होतं. नवे फोन चेहरा ओळखून हे बऱ्यापैकी सावरतात. आमच्या सरांचा फोन जुना होता. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवलं की उजेड त्या चेहऱ्याच्या हिशेबानं लागतो. एवढंच करायचं होतं.

याला इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या जमान्यात छपाईचे रंग जुळवायला कोडॅक ही फिल्म बनवणारी कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना-कार्ड पाठवत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणू लागले. तिची त्वचा छान दिसली म्हणजे रंग बरोबर. गडद त्वचेच्या माणसांचे फोटो वर्षानुवर्षं बिघडत राहिले. फिल्म सुधारायला जोर लावला तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी. त्यांच्या मालातल्या तपकिरी छटा जाहिरातीत वेगवेगळ्या दिसत नव्हत्या. माणसांच्या आधी कपाटाचा नंबर लागला.

दिसणं काढूनच टाकलं तर? आपल्याकडे हे पूर्वीपासून होतं. जात्यावर पहाटेच्या अंधारात ओवी म्हणणारी बाई कुणाला दिसत नव्हती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातून अशा लाखभर ओव्या जमवल्या, त्यात मराठवाड्याच्याही आहेत. परभणी आकाशवाणी लावून बसणाऱ्या घराला निवेदिकेचा रंग विचारायची सोय नव्हती. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमेदवाराला पडद्याआड वाजवायला लावायला सुरुवात केली. टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी स्टेजवर गालिचा अंथरत. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राऊस यांचा 2000 सालचा अभ्यास सांगतो की पडद्यामुळे बायकांची निवड वाढायला मदत झाली. त्यातले आकडे तितके भक्कम नाहीत अशी टीका पुढे झाली, आणि ती अगदीच गैरलागू नाही. पण पडदा लावायला खर्च काय येतो?

मागच्या वर्षी आम्ही मांडववाल्याकडून कनात आणली. पहिली फेरी कनातीआड, नावाऐवजी नंबर, आवाजाचे गुण पेनानं लिहायचे आणि मग खाडाखोड नाही. हालचाल आणि हावभाव दुसऱ्या फेरीत, उघड्यावर. नाटक म्हणजे रेडिओ नव्हे, हे मलाही कळतं. सर कुरकुरले, पण बसले.

सात नंबरला कुणीतरी वाचत होतं. सरांनी माझ्याकडे झुकून हळूच म्हटलं, ‘खेड्यातली दिसते.’ मला कळेना, आवाजात तर तसं काही नव्हतं. मग त्यांच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. कनात जमिनीपासून वीतभर वर राहिली होती. खाली धुळीनं माखलेली स्लिपर होती, अंगठ्याजवळ सेफ्टी पिन लावलेली.

मी वाचन थांबवलं. शिपायाला सांगून बांधकामाकडच्या आठ-दहा विटा मागवल्या, कनात खाली ओढून तिच्या काठावर ठेवल्या, आणि एक नंबरपासून पुन्हा सुरुवात केली.