वेलांटी आधी की अक्षर आधी?

‘स्थिती’ टाइप केलं की पहिली वेलांटी निमूट ‘स्थ’च्या डावीकडे जाऊन बसते. साठवताना मात्र क्रम उच्चाराचा असतो: स, हलन्त, थ आणि मग वेलांटी. हा क्रम इस्की या भारतीय संहितेतला, म्हणजे अक्षरांना संगणकासाठी आकडे नेमून देणाऱ्या तक्त्यातला. तिची प्रमाण आवृत्ती १९९१ची. त्याच वर्षी आलेल्या युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संहितेनेही देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून उचलली. संहितेत फक्त वर्ण, त्यांचा आकार जुळवायचा तो संगणकाने. डॉस या तेव्हाच्या संगणक-प्रणालीला हे झेपणारं नव्हतं. म्हणून आयआयटी कानपूरमध्ये रुजलेलं जिस्ट तंत्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने कार्डाच्या रूपात आणलं. ते संगणकात खोचलं की मराठी दिसे.

पुढे विंडोज आणि डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानजुळणी, आलं, आणि छापखान्यांना थांबायला सवड नव्हती. फॉन्टवाल्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेव या अशा फॉन्टमधला ‘का’ आतून रोमन ‘डी’ आणि ‘के’ असतो, आणि ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दाबावी लागते, म्हणजे डोळ्यांना दिसते त्या क्रमाने. छापील पान देखणं. तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. श्रीलिपी या दुसऱ्या फॉन्टमालेची मांडणी आणखी निराळी. यासाठी फॉन्टवाल्यांना बोल लावणं मला तरी पटत नाही. प्रणालीच जोडाक्षरं जुळवत नव्हती, तर त्यांनी करायचं काय?

१९९६ साली मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबीने ओपनटाइप हा फॉन्टचा नवा साचा जाहीर केला. आता फॉन्टच्या पोटातच तक्ते आले: क, हलन्त, ष ओळीने आले तर ‘क्ष’चा आकार काढ. ते तक्ते वाचणारं, वेलांटी उचलून डावीकडे ठेवणारं युनिस्क्राइब हे सॉफ्टवेअर विंडोज २०००मध्ये आलं, सोबत सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट. तरी पुढच्या विंडोज एक्सपीत ही सोय आपली आपण सुरू करावी लागे, त्यासाठी विंडोजची सीडी शोधा! हेच काम लिनक्सवर पँगोने केलं. आज क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये ते हार्फबझ करतं.

मराठीचं दुखणं एवढ्याने संपलं नाही. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. दुसऱ्यातला आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही. तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साधा शोध घेतला तर एका रीतीचा शब्द दुसरीला सापडत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळायलाही २००८ उजाडलं.

‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं आता काही फॉन्टमध्ये असतात. पण मजकुराची भाषा मराठी आहे, हे ॲपने सांगावं लागतं. न सांगितल्यास फॉन्ट मुकाट्याने आपलं नेहमीचं, बहुधा हिंदी, वळण काढतो.