दहा लाख त्रिकोण आणि एक किरण

२०१६ साली ‘डूम’ हा व्हिडिओ गेम नव्या अवतारात आला तेव्हा साध्या ग्राफिक्स कार्डांवरही (पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या संगणकाच्या भागावर) तो मस्त पळायचा. त्याच मालिकेतला ‘डूम : द डार्क एजेस’ मे २०२५मध्ये आला आणि त्यासाठी रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून उजेड-सावली काढण्याची, सोय असलेलं ग्राफिक्स कार्ड सक्तीचं झालं. नागपूरच्या बर्डीवरून ही सोय नसलेलं जुनं जीटीएक्स १०८० कार्ड सेकंडहँड आणून खेळणारी आपल्याकडची पोरं भडकली. ‘गेम बनवणारे आयडी सॉफ्टवेअरवाले आळशी झाले, ऑप्टिमायझेशन (गेम कमी ताकदीतही पळावा म्हणून करायची मेहनत) सोडलं.’ त्यांचा राग मला पटतो, आरोप मुळीच पटत नाही.

१९९६च्या ‘क्वेक’ या गेमपासून गेममधला बराचसा उजेड आधीच मोजून भिंतींवर चिकटवलेला असतो. याला बेकिंग म्हणतात. दिसायला छान, पण मोठ्या लेव्हलसाठी त्याला तासन्‌तास लागतात आणि भिंत कोसळली तरी तिची सावली जागची हलत नाही. रे ट्रेसिंग हा हिशेब खेळतानाच करतं : गेममधली प्रत्येक वस्तू छोट्या त्रिकोणांची बनलेली असते; किरण सोडायचा आणि तो सर्वांत आधी कोणत्या त्रिकोणाला लागतो ते शोधायचं.

१९२०×१०८०च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल (चित्राचे ठिपके) असतात. प्रत्येकी एकच किरण आणि सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) धरल्या, तरी सेकंदाला सुमारे १२.४ कोटी किरण होतात. दृश्यात दहा लाख त्रिकोण असतील आणि प्रत्येक किरण प्रत्येक त्रिकोणाशी ताडून पाहिला, तर १२४ लाख कोटी तपासण्या! हे अशक्य आहे.

यावरचा उपाय मला फार आवडतो. त्रिकोण डब्यांत भरायचे, ते डबे मोठ्या डब्यांत. धरमपेठेतलं घर शोधणारा माणूस रेल्वेलाइनपलीकडचं इतवारी-महाल धुंडाळत नाही, तसंच इथेही. किरण डब्याला चुकला की आतले सगळे त्रिकोण एका झटक्यात बाद. दहा लाखांचे अर्धे, त्याचे अर्धे असं करत विसाव्या पायरीला एकच त्रिकोण उरतो. प्रत्यक्षात डबे एकमेकांत घुसलेले असतात, त्यामुळे मागे फिरून डब्यांच्या या झाडाची दुसरी फांदीही तपासावी लागते. तरी काम हजारो पटींनी घटतं. डब्याची तपासणी तर आणखी सुंदर. तिन्ही अक्षांवर किरण कुठे आत शिरतो आणि कुठे बाहेर पडतो ते काढा. शिरण्याचं सर्वांत मोठं अंतर बाहेर पडण्याच्या सर्वांत लहान अंतरापेक्षा कमी असेल, तर किरण डब्यातून गेला.

मग जुनं कार्ड अडतं कुठे? त्यात ३२-३२ धागे (एकाच वेळी चालणारी छोटी कामं) एकाच सूचनेवर चालतात. शेजारचे किरण वेगळ्या फांद्यांत शिरले की बाकीचे थांबून राहतात. २०१८च्या आरटीएक्स २० या कार्डांच्या मालिकेपासून या तपासण्यांसाठी स्वतंत्र सर्किट आलं. आणि १९९३च्या मूळ ‘डूम’मध्येही आयडीचा प्रोग्रामर जॉन कार्मॅकने लेव्हल असंच दुभागत नेलेलं झाड वापरलं होतं. त्याच कंपनीने आता किरणांचा उपयोग गोळी चामड्याला लागली की धातूला, हे ठरवायलाही केलाय. हा आळस नव्हे.

‘अगदी खराखुरा प्रकाश’ ही जाहिरात मात्र फसवी आहे. पिक्सेलमागे मोजकेच किरण परवडतात, त्यामुळे चित्र दाणेदार येतं. मग डीनॉइझर (दाणे पुसणारा प्रोग्राम) आजूबाजूचे पिक्सेल आणि मागच्या फ्रेम पाहून उरलेला उजेड अंदाजाने भरतो. वेगाने सरकणाऱ्या वस्तूमागे पुसट डाग राहतो तो या अंदाजामुळेच, आणि त्याबद्दल चाहत्यांनी जरूर भांडावं.