भरपाईची मागणी आजची नव्हे

अमेरिकेतील गुलामगिरीबद्दल भरपाई मागणे हे अलीकडच्या राजकारणाचे खूळ आहे, ज्यांनी प्रत्यक्ष सोसले त्यांनी कधी काही मागितले नव्हते, असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे. 1783 मध्येच बेलिंडा या वृद्ध स्त्रीने, आयझॅक रॉयलच्या घरी सुमारे 50 वर्षे गुलाम म्हणून राबल्यानंतर, मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज करून त्याच्या मालमत्तेतून वर्षाला 15 पौंड 12 शिलिंग मंजूर करून घेतले. अर्थात मंजुरी आणि पदरात पडणे यांत अंतर असते. पैसे थांबले आणि तिला पुन्हा अर्ज करावे लागले.

पुढे 1890 च्या दशकात गुलामगिरीत जन्मलेल्या कॅली हाउस या नॅशव्हिलच्या धोबिणीने माजी गुलामांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून संघटना उभी केली. गोरगरिबांच्या तुटपुंज्या वर्गणीवर चाललेल्या या संघटनेमागे सरकारचे टपाल खाते हात धुऊन लागले आणि 1917 मध्ये टपालाद्वारे फसवणूक केल्याचा ठपका ठेवून कॅली यांना तुरुंगात धाडण्यात आले. मागणी ऐकू आली नव्हती असे नव्हे, ती दडपली गेली.

भरपाई मुळीच दिली गेली नाही, हेही खरे नाही. 1862 मध्ये वॉशिंग्टन शहरातील गुलाम मुक्त झाले, तेव्हा प्रत्येकामागे कमाल 300 डॉलर देण्यात आले; मात्र ते मालकांना.