विलापिकेचे कडवे: ग्रेच्या आधी आणि नंतर

विलापिका म्हणजे शोककविता, इंग्रजीत 'एलिजी'. तिच्यावरून 'एलिजियाक स्टँझा' म्हटले जाते ते कडवे चार ओळींचे. आघात नसलेले एक अक्षर आणि मागोमाग आघाताचे एक, अशा पाच जोड्यांची प्रत्येक ओळ. यमक पहिलीचे तिसरीशी, दुसरीचे चौथीशी. कालिदासाने अजविलाप आणि रतिविलाप दोन्ही वियोगिनी या वृत्तात रचले, तसे शोकाशी या कडव्याचे नाते मात्र मुळात नव्हते.

ग्रीक-लॅटिन 'एलिजी' ही द्विपदी होती, सहा गणांच्या ओळीमागून पाच गणांची. रोमन कवी ओव्हिडने तर तिच्यात शृंगार लिहिला. इंग्रजी कडव्याचा वंश वेगळाच आहे. १५९९ मध्ये कवी सर जॉन डेव्हिस यांनी आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा या कडव्यात केली, १६५१ मध्ये कवी डॅव्हनंटने 'गाँडिबर्ट' हे वीरकाव्य त्यात रचले. कवी ड्रायडनने १६६७ मध्ये डचांशी झालेले सागरी युद्ध आणि लंडनची आग त्यातच वर्णिली. भारदस्तपणात या कडव्याला तोड नाही, असे ड्रायडनचे मत. पुढे जेम्स हॅमंडने रोमन कवी टिबुलसच्या वळणाच्या प्रेमकविता याच कडव्यात लिहिल्या, त्यांच्याविषयी लिहिताना समीक्षक डॉ. जॉन्सनने ड्रायडनचाच दाखला देऊन विचारले, की विलापिकेच्या कोमल स्वभावाला हे भव्य माप कसे शोभावे?

उत्तर टॉमस ग्रेच्या 'एलिजी रिटन इन अ कंट्री चर्चयार्ड' (खेड्यातल्या स्मशानात लिहिलेली विलापिका) या कवितेत आहे. जून १७५० मध्ये स्टोक पोजेस या गावाहून त्याने ती आपला मित्र होरेस वॉलपोल याला पाठवली. तिच्या हस्तलिखित प्रती हातोहात फिरल्या, एक मासिक ती परवानगीविना छापणार असे कळले, म्हणून फेब्रुवारी १७५१ मध्ये प्रकाशक डॉड्स्लीने घाईने, कवीच्या नावाविना ती काढली. कडव्यांमध्ये मोकळी जागा सोडू नये, कारण अर्थ काही ठिकाणी पुढच्या कडव्यात वाहतो, असे ग्रेने वॉलपोलला आवर्जून कळवले होते. मला ही सूचना फार मोलाची वाटते. चौथ्या ओळीवर कडवे मिटते आणि वाचक थांबतो. हा थांबा स्मशानातल्या संथ चालीला साजतो, पण सतत आला तर कंटाळवाणा होतो. ग्रेने तो जपला आणि जिथे हवा तिथे ओलांडलाही. शिवाय युद्धासाठी वापरलेली भव्यता त्याने गावातल्या निनावी शेतकऱ्यांच्या थडग्यांना बहाल केली.

त्यानंतर हे कडवे शोकाचेच झाले. कवी वर्ड्‌स्वर्थचा भाऊ जॉन फेब्रुवारी १८०५ मध्ये जहाजासह बुडाला. पील कॅसल या किल्ल्याच्या चित्रावरून सुचलेली, त्या दुःखाची त्याची कविता १८०७ मध्ये आली ती याच कडव्यांत, आणि शीर्षकातच 'एलिजियाक स्टँझाज' हे शब्द घेऊन.