हार्ड डिस्क आणि एसएसडी: नव्या लॅपटॉपला जोड कोणाची?

रत्नागिरीच्या बाजारपेठेत संगणकाच्या दुकानात जाऊन ‘एक टेराबाइटची हार्ड डिस्क द्या’ असे सांगितले, की दुकानदार पुष्कळदा काउंटरवर दोन खोकी ठेवतो. एकात खिशातल्या पाकिटाएवढी, हाताला जड लागणारी पेटी असते आणि दुसऱ्यात काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, वजनाला नगण्य अशी वडी असते. दोन्हींवर आकडा तोच, दोन्ही यूएसबीच्या वायरीनेच जोडायच्या आणि दुकानदारही दोन्हींना हार्ड डिस्कच म्हणतो. फार तर दुसरीला ‘एसएसडी हार्ड डिस्क’ म्हणून वेगळी काढतो. किमतीतले अंतर मात्र डोळ्यांत भरण्याजोगे असते. भाच्याला महाविद्यालयासाठी लॅपटॉप घेताना ‘साठवायचेच आहे तर महाग कशाला?’ हा प्रश्न आमच्यापुढेही आला. उत्तर वेगाच्या आकड्यात शोधण्याची सवय असल्यामुळे ते चुकते. या दोन वस्तू कशा चालतात यापेक्षा त्या कशाने बिघडतात, हे कोकणात राहणाऱ्याने आधी पाहावे, असे माझे मत आहे.

‘एसएसडी हार्ड डिस्क’ हा शब्दप्रयोगच मुळात चुकीचा आहे, कारण डिस्क म्हणजे तबकडी आणि एसएसडीत तबकडी नसते. हार्ड डिस्कच्या पेटीत चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेत असते आणि तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर एका दांड्याच्या टोकाला बसवलेले वाचक-शीर्ष तरंगत असते. जुन्या फोनोची आठवण येईल, पण फोनोची सुई तबकडीला टेकते आणि हे शीर्ष टेकले तर तबकडीवर ओरखडा उठून माहिती नष्ट होते. ही कल्पना जुनी आहे: आयबीएमने अशी पहिली यंत्रणा १९५६ मध्ये बाजारात आणली, तेव्हा पन्नास तबकड्यांच्या कपाटाएवढ्या यंत्रात जेमतेम पन्नास लाख अक्षरे मावत. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिच्यात फ्लॅश स्मृतीच्या चिपा असतात आणि त्यांतल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून माहिती ठेवलेली असते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही स्मृती विकसित केली. थोडक्यात, एकीत माहिती चुंबकत्वाच्या रूपाने असते आणि दुसरीत कोंडलेल्या विजेच्या रूपाने; पुढचे बहुतेक फरक याच एका गोष्टीतून निघतात.

धक्का हा त्यांतला पहिला. हार्ड डिस्क बंद असताना तिचे शीर्ष तबकडीवरून बाजूला काढून ठेवलेले असते, त्यामुळे एसटीच्या खिडकीशेजारी मांडीवरच्या पिशवीत ती आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरून आली तरी सहसा तिला काही होत नाही. तीच डिस्क चालू असताना टेबलावरून खाली पडली, किंवा लॅपटॉप उचलताना वायरीला लोंबकळून आपटली, तर संपली. माझी पहिली डिस्क अशीच गेली: पडवीतल्या बाकावर फोटो उतरवून घेत असताना वायर पायात अडकली, डिस्क कोब्यावर पडली आणि त्यानंतर तिच्यातून फक्त टिकटिक ऐकू येत राहिली. एसएसडीला अशा पडण्याचे फारसे भय नसते. प्रवासात काम करणाऱ्याने, होडीवर किंवा बागेत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याने, ट्रेनमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून लिहिणाऱ्याने एसएसडीच घ्यावी, यात मला शंका नाही.

दुसरा फरक दमट हवेचा आहे आणि तो लोक समजतात तितका सरळ नाही. बहुतेक हार्ड डिस्कच्या पेटीला आतला व बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून गाळणी लावलेले एक सूक्ष्म छिद्र असते, म्हणजे ती बाहेरच्या हवेत श्वास घेते. निव्वळ दमटपणा तिला मारत नाही. धोका असतो तो पाणी सुटण्याचा. वातानुकूलित डब्यातून थंड झालेली डिस्क जुलैच्या हवेत बाहेर काढली, की सोलकढीच्या थंड पेल्यावर साचतात तसे थेंब तिच्यावर साचतात, आणि अशा वेळी ती लगेच जोडणे योग्य नाही. तासभर पिशवीतच राहू द्यावी, मग बाहेर काढावी. एसएसडीलाही हाच नियम लागू आहे, कारण तिच्यात फिरणारे काही नसले तरी सर्किट आहेच. खाऱ्या हवेचा त्रास तर दोघींना सारखाच होतो: समुद्राजवळच्या घरांत यूएसबीच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट किंवा काळपट थर चढतो आणि डिस्क मधूनच ‘दिसेनाशी’ होते. पुष्कळदा त्या वेळी दोष डिस्कचा नसून वायरीचा असतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात डिस्क आणि वायर दोन्ही ठेवावीत. डब्यात तांदूळ घालण्याचा सल्ला मात्र ऐकू नये, त्याची पूड सॉकेटमध्ये जाते.

एसएसडीचा कमकुवतपणा याच्या उलट बाजूला आहे आणि त्याविषयी दुकानात कोणी बोलत नाही. कोंडलेला विद्युतभार हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत हे झिरपणे वाढते. सर्वसाधारण वापराच्या एसएसडीसाठी जे औद्योगिक मानक आहे, त्यात अपेक्षा एवढीच आहे की ठरलेली लेखनमर्यादा (तिच्यावर एकूण किती माहिती लिहिता येईल याची हद्द) पूर्ण वापरून झालेल्या एसएसडीने ३० अंश सेल्सियस तापमानात, वीज न मिळता, एक वर्ष माहिती धरून ठेवावी. नव्या, कमी वापरलेल्या एसएसडीची धारणा यापेक्षा बरीच अधिक असते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर, मे महिन्याच्या तापात, लग्नाचे सगळे फोटो एका जुन्या एसएसडीत ठेवून चार वर्षे तिच्याकडे न पाहणे हा शहाणपणा नव्हे. हार्ड डिस्कचे चुंबकत्व असे झिरपत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी तीच बरी. अर्थात तिलाही वर्षातून एकदोनदा जोडून, चालवून पाहणे चांगले.

मरण्याची तऱ्हाही वेगळी आहे. हार्ड डिस्क बहुधा आधी कुरकुरते: आवाज बदलतो, एखादी फाइल उघडायला विलक्षण वेळ लागतो, आणि जाणता माणूस त्या आठवड्यातच सगळे दुसरीकडे उतरवून घेतो. एसएसडी पुष्कळदा काल चालत होती आणि आज ओळखच देत नाही, अशी जाते. शिवाय चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कवरून परत मिळण्याची थोडीफार आशा असते, कारण त्या जागेवर नवे लिहिले जाईपर्यंत जुने तिथेच पडून असते. लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीत मात्र पुसलेल्या जागा रिकाम्या करून ठेवण्याची व्यवस्था बहुधा चालू असते आणि एकदा ती फिरली की परतीची वाट राहत नाही.

वेगाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. खिशातली हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी देते आणि साधी बाह्य एसएसडी ५०० च्या आसपास; म्हणजे २०० जीबीचे व्हिडिओ पहिलीवर जायला अर्धा तास आणि दुसरीवर सात मिनिटे. हजारो लहान फाइली असतील तर हे अंतर कितीतरी वाढते, कारण हार्ड डिस्कच्या दांड्याला प्रत्येक फाइलसाठी जागा शोधत फिरावे लागते. पण एसएसडी जुन्या यूएसबी २.० च्या सॉकेटमध्ये किंवा फोनच्या चार्जिंगच्या वायरीने जोडली, तर तिचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली येतो आणि मोजलेले पैसे वाया जातात. खोक्यात आलेली वायरच वापरावी.

खरेदीत एक सावधगिरी हवी. १६ टेराबाइटची एसएसडी दोन-तीन हजारांत मिळते, अशा जाहिराती दिसतात. त्या पेटीत लहानशी स्मृतिपट्टी असते आणि तिने संगणकाला खोटा आकडा सांगावा अशी तजवीज केलेली असते. फाइली चढल्यासारख्या दिसतात आणि उघडताना रिकाम्या निघतात. याउलट एक टेराबाइटची डिस्क विंडोज ९३१ जीबी दाखवते, त्यात मात्र फसवणूक नाही: उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

नवा लॅपटॉप लावताना पहिल्या दिवशीच डिस्कचे फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, ठरवावे, कारण नंतर ते बदलायचे तर सगळे पुसावे लागते. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस ठेवावे. मॅकवरही लिहायचे असेल तर एक्सफॅट घ्यावे, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर सहसा लिहीत नाही. जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे नमन-नाट्याचे रात्रभराचे चित्रीकरण तिथेच अडते. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर आतली साठवण आपोआप कुलूपबंद होते आणि तिची पुनर्प्राप्ती-किल्ली त्या खात्यात जमा होते. ती ४८ अंकी किल्ली वहीत लिहून ठेवावी, कारण दुरुस्तीनंतर यंत्राने ती मागितली आणि खात्याचा पासवर्ड आठवला नाही, तर आतले काहीच हाती लागत नाही.

डिस्क कोणतीही असो, लॅपटॉपमधली जागा मोकळी करण्यासाठी फाइली तिच्यावर हलवणे म्हणजे बॅकअप नव्हे. फाइलीची एकच प्रत राहिली, फक्त तिचे घर बदलले. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या एकाच कपाटात लॅपटॉप आणि डिस्क शेजारी ठेवण्याला काय अर्थ आहे, हे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही. एक प्रत पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या नातेवाइकाकडे असावी, आणि या कामाला स्वस्त हार्ड डिस्क उत्तम.

आता बॅटरी. बाह्य डिस्कचा आणि बॅटरीचा संबंध लोक जोडत नाहीत, पण तो थेट आहे, कारण खिशातल्या डिस्कला वीज लॅपटॉपच पुरवतो. तबकडी फिरत ठेवायला साधारण दोन ते अडीच वॅट लागतात. हलक्या कामात आठ वॅट खाणारा आणि ५० वॅट-तासांची बॅटरी असलेला लॅपटॉप सव्वासहा तास चालत असेल, तर सतत फिरणारी हार्ड डिस्क लावल्यावर तो पावणेपाच तासांवर येतो. एसएसडी लिहिताना तितकीच किंवा अधिक वीज घेते, पण काम लवकर आटोपून शांत बसते. लाईट गेलेली असताना काम उरकले, की डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करून काढून ठेवावी, नुसती लावून ठेवू नये.

बॅटरीचा टक्का आणि बॅटरीची प्रकृती यांतही असाच गोंधळ होतो. पडद्यावरचे १०० टक्के म्हणजे आज जेवढी क्षमता उरली आहे तिच्या १०० टक्के. मूळ क्षमतेच्या नव्हे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ (powercfg) या आज्ञेपुढे तिरकी रेघ देऊन ‘बॅटरीरिपोर्ट’ (batteryreport) हा शब्द लिहिला, की मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता हे दोन्ही आकडे मिळतात. पहिल्याच आठवड्यात ते टिपून ठेवले तर पुढे तुलना करता येते. नवा लॅपटॉप आठ तास चार्ज करावा, बॅटरी पूर्ण उतरवूनच पुन्हा भरावी, हे सल्ले निकेल-कॅडमियमच्या जमान्यातले आहेत. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिला उलटाच त्रास होतो: पूर्ण भरलेल्या अवस्थेत, गरम जागी, दिवसेंदिवस राहिली की ती लवकर म्हातारी होते. म्हणून यंत्र दिवसभर टेबलावर प्लगला लावलेले असेल, तर उत्पादकाच्या ॲपमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करावी आणि ते गादीवर ठेवून वापरू नये.

ही मर्यादा आमच्याकडे बारमाही पाळता येत नाही, हेही खरे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. वादळाचा इशारा आला, की मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि विजा चमकू लागण्यापूर्वी चार्जर भिंतीतून उपसावा; दोन-चार दिवस १०० टक्के राहिल्याने काही बिघडत नाही.

गणपती झाल्यावर घर बंद करून मुंबईला परतणारे चाकरमानी जुना लॅपटॉप पुष्कळदा गावीच ठेवतात. तो बॅटरी निम्मी भरलेली असताना पूर्ण बंद करून ठेवावा, कारण शून्यावर सोडलेली बॅटरी शिमग्यापर्यंत इतकी खाली जाते की चार्जर लावूनही उठत नाही. हार्ड डिस्क घट्ट डब्यात, माजघरातल्या कपाटाच्या वरच्या खणात राहू शकते. एसएसडी मात्र सोबत न्यावी.