आइंडहोवन

नेदर्लंड्सच्या दक्षिणेकडील नॉर्थ ब्रॅबंट प्रांतातील सर्वांत मोठे आणि लोकसंख्येने देशातील पाचवे शहर. लोकसंख्या जवळपास अडीच लाख. ते डोमल नदीकाठी वसले आहे. प्रांताची राजधानी मात्र डेन बॉस येथे आहे. ॲमस्टरडॅम किंवा डेल्फ्ट पाहून आलेला प्रवासी इथे थोडा निराश होतो, कारण कालव्याकाठची जुनी व्यापारी घरे त्याला फारशी सापडत नाहीत. हे शहर मुख्यतः विसाव्या शतकात उभे राहिले, तेही एका कारखान्याभोवती.

ब्रॅबंटचा ड्यूक पहिला हेन्ड्रिक याने १२३२ मध्ये नगराची सनद दिली. पुढची साडेसहाशे वर्षे आइंडहोवन म्हणजे बाजाराचे छोटे गाव होते. १८६६ मध्ये रेल्वे आली. एकोणिसाव्या शतकात कापड, सिगार व आगपेट्यांचे कारखाने निघाले. तरीही १९०० च्या सुमारास गावठाणात जेमतेम पाच हजार माणसे राहत होती. १९२० मध्ये शेजारची वून्सल, स्ट्राइप, गेस्टल, स्ट्राटम आणि टोंगलर ही पाच गावे त्याला जोडली गेली आणि लोकसंख्या एकदम पंचेचाळीस हजारांच्या पुढे गेली. शहराला एक ठसठशीत मध्य का नाही, याचे उत्तर या जोडणीत आहे.

गावे एकत्र आणावी लागली ती फिलिप्समुळे. हेरार्ड फिलिप्स आणि त्याचे वडील फ्रेडरिक यांनी १८९१ मध्ये येथे विजेच्या दिव्यांचा कारखाना काढला. हेरार्डचा धाकटा भाऊ आंटोन १८९५ मध्ये आला आणि त्याने विक्रीची बाजू सांभाळली. जागेची निवड हिशेबी होती. ब्रॅबंटच्या रेताड जमिनीवरची शेती गरीब होती, त्यामुळे मजूर स्वस्त मिळत. शिवाय त्या काळात नेदर्लंड्समध्ये पेटंट कायदाच नव्हता. तो १८६९ मध्ये रद्द झाला होता आणि १९१२ मध्ये पुन्हा लागू झाला. परक्यांचे शोध वापरायला मोकळे रान होते, हे त्या भरभराटीचे थोडे अवघड वाटणारे कारण. १९१४ मध्ये कंपनीने स्वतःची संशोधन प्रयोगशाळा काढली. ‘नाटलॅब’ या नावाने ती ओळखली जाई. १९२७ मध्ये राणी विल्हेल्मिनाचे भाषण फिलिप्सच्या लघुलहरी प्रक्षेपकावरून थेट डच ईस्ट इंडीजपर्यंत, म्हणजे आजच्या इंडोनेशियापर्यंत, पोहोचले. पुढे फिलिप्सचा बल्ब आणि फिलिप्सचा रेडिओ मराठी घरांतही आले, पण त्यांच्या गावाचे नाव इकडे फारसे कुणाला माहीत नव्हते.

कंपनीने कामगारांसाठी वसाहती बांधल्या. त्यांतली ‘फिलिप्सडॉर्प’ ही १९१० पासूनची. १९२० च्या दशकात मनुष्यबळ अपुरे पडू लागले, तेव्हा देशाच्या ईशान्येकडील ड्रेंथ भागातून कुटुंबे आणली गेली. ज्या घरात मुली जास्त त्यांना पसंती असे, कारण दिव्यांच्या नाजूक जोडकामाला मुलींचे हात लागत. त्यांच्या वस्तीला आजही ‘ड्रेंट्स डॉर्प’ म्हणतात. फुटबॉल क्लबही कंपनीचाच : १९१३ चा ‘पीएसव्ही’ म्हणजे फिलिप्स क्रीडा संघ. १९८८ मध्ये तो युरोपियन कप जिंकला. घर, नोकरी, खेळ सारे एकाच मालकाकडे असण्यात आधार होता आणि पकडही होती.

युद्धात या कारखान्यांमुळेच शहराने मार खाल्ला. ६ डिसेंबर १९४२ रोजी ब्रिटिश विमानांनी फिलिप्सवर बाँब टाकले, त्यात नागरिकही मेले. १८ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी छत्रीसैनिकांनी शहर मुक्त केले आणि दुसऱ्याच रात्री जर्मन बाँबहल्ल्यात दोनशेहून अधिक माणसे गेली. मुक्तीच्या स्मरणार्थ दर सप्टेंबरात दिव्यांच्या आराशीचा एक लांबलचक मार्ग उजळतो. युद्धानंतर रुंद रस्ते आखले गेले, लोहमार्ग उंचावला गेला. १९५६ मध्ये तंत्रविद्यापीठ निघाले. उडत्या तबकडीच्या आकाराचे ‘एव्होल्युऑन’ हे प्रदर्शनगृह १९६६ चे, फिलिप्सच्या पंचाहत्तरीनिमित्त बांधलेले.

१९९० च्या दशकाने सगळे विस्कटले. फिलिप्सने मोठी नोकरकपात केली. १९९३ मध्ये ‘डाफ’ ही ट्रक कंपनी दिवाळखोरीत गेली. काही वर्षांत फिलिप्सचे मुख्यालयही ॲमस्टरडॅमला हलले. पण कामगारांखेरीज इतरांना बंद असल्याने ‘निषिद्ध नगरी’ म्हटले जाणारे स्ट्राइपमधले फिलिप्सचे आवार आता खुले आहे. तिथे घरे, कार्यशाळा आणि खाणावळी आहेत, आणि ऑक्टोबरातील डिझाइन सप्ताहाला गर्दी लोटते. ‘पांढरी बाई’ या टोपणनावाच्या जुन्या दिव्यांच्या कारखान्यात डिझाइन अकादमी भरते. नाटलॅबच्या जागी अनेक कंपन्यांचा तंत्रपरिसर आहे.

‘लिच्टस्टाड’, म्हणजे प्रकाशनगरी, हे बिरुद शहर मिरवते. कार्निव्हलच्या दिवसांत मात्र ते स्वतःला ‘लाम्पेगाट’ म्हणवते. ‘गाट’ म्हणजे भोक आणि बोलीत आडगावही, तेव्हा ‘दिव्यांचे आडगाव’. ही स्वतःची थट्टा ब्रॅबंटच्या माणसाला शोभते.

आजचा सर्वांत मोठा आधार लगतच्या फेल्डहोवनमध्ये आहे : १९८४ मध्ये फिलिप्सच्या भागीदारीतून निघालेली ‘एएसएमएल’. सर्वांत प्रगत चिप छापणारी ‘ईयूव्ही’, म्हणजे टोकाच्या अतिनील किरणांची, यंत्रे जगात हीच एक कंपनी बनवते. तिच्यासाठी आणि पुरवठादारांसाठी जगभरचे अभियंते येतात. भारतीयांचे प्रमाण लक्षणीय आहे, त्यात मराठी कुटुंबेही आहेत. घरे अपुरी, भाडी चढी, रस्ते तुंबलेले. कंपनी देश सोडून जाईल या धास्तीने डच सरकारने २०२४ मध्ये या भागातील घरे, वाहतूक आणि तंत्रशिक्षणासाठी सुमारे अडीच अब्ज युरो देऊ केले.