संग्रहालयांतील मास्कविषयक धोरण

संग्रहालयांतील मास्कविषयक धोरण : श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाच्या साथीत संग्रहालयाचे प्रेक्षक आणि कर्मचारी यांनी नाक-तोंड कुठे, केव्हा व कशाने झाकावे याविषयीचे, साथीच्या चढ-उताराबरोबर बदलत जाणारे नियम. कोविड-१९च्या साथीत, मुख्यतः २०२० ते २०२२ या काळात, या नियमांना स्वतंत्र धोरणाचे रूप आले. त्याआधीही संग्रहालयांना मास्क परका नव्हता. फक्त तो मागच्या खोल्यांत असे. बुरशी धरलेले कागद झाडताना किंवा एकोणिसाव्या शतकात आर्सेनिक चोळून टिकवलेले, पेंढा भरलेले प्राणी हाताळताना संवर्धक, म्हणजे वस्तूंचे जतन व दुरुस्ती करणारे, तो लावत. मार्च २०२०मध्ये रुग्णालयांत तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेतल्या अनेक संग्रहालयांनी आपल्या कपाटांतले एन-९५ मास्क आणि हातमोजे काढून देऊन टाकले. दालनात, प्रेक्षकांच्या तोंडावर मास्क आला तो त्यानंतर काही महिन्यांनी.

या प्रश्नाला पहिले तोंड फुटले ते कर्मचाऱ्यांकडून. १ मार्च २०२० रोजी पॅरिसच्या लूव्रमधील कर्मचाऱ्यांनी, जिवाला धोका वाटल्यास काम थांबवण्याचा फ्रेंच कायद्याने दिलेला हक्क वापरला आणि त्या दिवशी संग्रहालय उघडलेच नाही. जगभरातून येणाऱ्या गर्दीत दिवसभर उभे राहायचे कुणी, हा त्यांचा सवाल होता. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने साथीला जागतिक महामारी म्हटले आणि १३ मार्चपासून लूव्र दीर्घकाळ बंद राहिले. ६ जुलैला दारे उघडली ती अकरा वर्षांवरील सर्वांना मास्कची सक्ती, आगाऊ ठरवलेल्या वेळेचे तिकीट आणि एकाच दिशेने जाणारी वाट या तीन अटींवर. मास्क एकटा कधीच आला नाही. मोजकी माणसे आत सोडणे आणि हवा खेळती ठेवणे या दोहोंच्या जोडीने तो अधिक उपयोगी पडतो. नियमाचा फलक मात्र बहुतेक ठिकाणी मास्कचाच मोठा असे.

प्रेक्षक आणि कर्मचारी यांच्यासाठी नियम वेगळे का, हे समजायला घड्याळ पुरेसे आहे. प्रेक्षक त्या हवेत दीड-दोन तास असतो, दालनातला पहारेकरी आठ तास, आणि तेही आठवड्यातले पाच-सहा दिवस. प्रेक्षकाला आवडले नाही तर तो परत जाऊ शकतो. पहारेकऱ्याची नोकरी आहे. शिवाय त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक म्हणून संग्रहालयावर येते. म्हणून कित्येक ठिकाणी प्रेक्षकांना साधा कापडी मास्क चालत असताना कर्मचाऱ्यांना अधिक चांगला मास्क दिला गेला, आणि प्रेक्षकांवरची सक्ती उठल्यावरही कर्मचाऱ्यांवरची काही काळ राहिली. याची दुसरी बाजूही होती. विनामास्क आलेल्याला हटकायचे काम त्याच पहारेकऱ्याच्या गळ्यात पडले. नाकाखाली उतरलेला मास्क वर घ्यायला दिवसातून शंभरदा सांगणे हे त्याच्या कामाच्या यादीत कधीच नव्हते. धोरणाची खरी कसोटी तिथे लागली, संचालकांच्या बैठकीत नव्हे.

नियम बहुधा संग्रहालयाचा स्वतःचा नसे. तो देशाचा, राज्याचा किंवा शहराचा असे. संग्रहालयाच्या हाती उरे ते त्याहून कडक राहणे. इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. ८ जुलै २०२० रोजी लंडनची नॅशनल गॅलरी उघडली तेव्हा चेहरा झाकण्याची केवळ शिफारस होती. एका महिन्याने, ८ ऑगस्टपासून, इंग्लंडमधील संग्रहालयांत तो कायदा झाला. १९ जुलै २०२१ला कायदा गेला आणि पुन्हा ‘कृपया’ आले. विषाणूच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकारामुळे १० डिसेंबरला सक्ती परतली आणि २७ जानेवारी २०२२ला उठली. दीड वर्षात फलक इतक्यांदा बदलला की पाहुण्याने आदल्या दिवशी संकेतस्थळ पाहून निघणे हाच शहाणपणा ठरला.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेची संग्रहालये १४ मार्च २०२० रोजी बंद झाली. २४ जुलैला राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय आणि व्हर्जिनियातले विमानांचे संग्रहालय मास्कच्या अटीवर उघडले. नोव्हेंबरात सगळे पुन्हा बंद झाले. मे २०२१पासून दारे टप्प्याटप्प्याने उघडू लागली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांनी पूर्ण लस घेतलेल्यांना मास्क नको, असे सांगितले होते. स्मिथसोनियननेही उन्हाळ्यात ही सूट दिली. पण लस कुणी घेतली हे दारावर ओळखायचे कसे? सूट प्रेक्षकाच्या शब्दावर सोडावी लागली. विषाणूचा डेल्टा हा प्रकार पसरू लागताच ६ ऑगस्टपासून दोन वर्षांवरील प्रत्येकाला, लस घेतली असो वा नसो, आत मास्क बंधनकारक झाला. तो ११ मार्च २०२२ रोजी गेला. सप्टेंबर २०२१मध्ये त्याच संस्थेच्या प्राणिसंग्रहालयातील सिंह व वाघ बाधित झाले. तिथे काळजीवाहकाचा मास्क माणसाइतकाच प्राण्यालाही वाचवण्यासाठी होता.

फ्रान्सने मास्कला वेगळाच पर्याय दिला. २१ जुलै २०२१पासून पन्नासहून अधिक माणसे येणाऱ्या सांस्कृतिक ठिकाणी लसीचा, चाचणीचा किंवा बरे झाल्याचा दाखला आवश्यक झाला, आणि दाखला तपासला जातो तिथे आत मास्क न लावण्याची मुभा मिळाली. स्थानिक प्रशासन वा संस्था हवी तर सक्ती ठेवू शकत होती. न्यूयॉर्क शहरातही ऑगस्ट २०२१पासून संग्रहालयात शिरताना लसीचा पुरावा लागू लागला. दाखला आणि मास्क ही एकमेकांच्या बदल्यात द्यायची नाणी आहेत, असे त्यामागचे गणित. ओमायक्रॉनने लस घेतलेल्यांनाही गाठले, तेव्हा ते फसले.

संग्रहालयाची हवा हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सुरुवातीची धोरणे पृष्ठभाग आणि जवळून उडणारे थेंब यांवर बेतलेली होती: सॅनिटायझर, काचेचे पडदे, जमिनीवर चिकटवलेली पावले. विषाणू हवेतून पसरतो यावर अधिकृत संस्थांचा भर २०२१च्या मध्याकडे वाढला, तेव्हा कुठे कापडी मास्कऐवजी ०.३ मायक्रॉनचे ९५ टक्के कण अडवणाऱ्या एन-९५सारख्या मास्कचा आग्रह दिसू लागला. पण मोठ्या संग्रहालयांत आर्द्रता व तापमान स्थिर ठेवण्यासाठी बरीचशी हवा पुन्हा पुन्हा फिरवली जाते. बाहेरची हवा जास्त घेतली तर लाकूड, हस्तिदंत, जुना रंग यांना झळ पोहोचते. म्हणून खिडक्या उघडण्याऐवजी अधिक बारीक गाळण्या बसवण्याकडे कल राहिला. जंतुनाशकाचा फवारा वस्तूंजवळ मारू नका, असे संवर्धक कळवळून सांगत होते. मास्कने मात्र वस्तूला काहीच त्रास होत नाही. संवर्धकांना तो लगेच मान्य होण्यामागे हे एक साधे कारण असावे.

दुसरीकडे, उंच छत, हळू चालणारी आणि फारसे न बोलणारी माणसे यांमुळे संग्रहालय तुलनेने सुरक्षितच. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील अभ्यासकांनी २०२१च्या सुरुवातीला बंदिस्त जागांची तुलना केली, तेव्हा मास्क लावलेल्या आणि क्षमतेच्या ३० टक्केच प्रेक्षक असलेल्या संग्रहालयात संसर्गाचा अंदाजित गुणांक, म्हणजे एका बाधितामुळे तिथे सरासरी किती जणांना लागण होईल तो आकडा, ०.५ आला, मास्कसह सुपरमार्केटमध्ये तो सुमारे दुप्पट होता. तरी जर्मनीत नोव्हेंबर २०२०पासून संग्रहालये बंद आणि सुपरमार्केट चालू होती. पोट आधी, हे खरे. पण संग्रहालयवाल्यांच्या तक्रारीत तथ्य होते.

भारतात केंद्रीय संरक्षित स्मारके व त्यांची संग्रहालये १७ मार्च २०२० रोजी बंद झाली. सांस्कृतिक मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १० नोव्हेंबर २०२०पासून संग्रहालये उघडू लागली. मास्क, तापमान तपासणी, अंतर आणि शक्यतो ऑनलाइन तिकीट ही त्यांची चौकट होती. मुंबईत त्याआधीच, ८ एप्रिलला, महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला होता. त्याचा कायदेशीर आधार म्हणजे प्लेगच्या साथीत झालेला १८९७चा साथरोग अधिनियम. दोनशे रुपयांचा दंड आणि तो वसूल करणारे क्लीन-अप मार्शल मुंबईकरांच्या चांगलेच लक्षात आहेत. त्यामुळे संग्रहालयांना मास्कची सवय नव्याने लावावी लागली नाही. माणूस रस्त्यावरूनच तो लावून येई, आणि आत आल्यावर हनुवटीवर ओढे.

राज्याच्या ओमायक्रॉन लाटेतील आदेशाने १० जानेवारी २०२२पासून संग्रहालये, किल्ले, प्राणिसंग्रहालये पुन्हा बंद झाली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे लोकार्पण झाले होते १० जानेवारी १९२२ रोजी. शंभरी नेमकी बंदीच्या पहिल्या दिवशी आली. २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्राने उरलेले निर्बंध काढले आणि मास्क ऐच्छिक झाला.

मास्कमुळे काही माणसे दालनाबाहेर पडली, याची नोंद धोरणांत उशिरा आली. ओठ वाचणाऱ्या कर्णबधिरांना मार्गदर्शकाचे बोलणे कळेना. पारदर्शक मास्क आले, पण ते आतून धुक्याने भरत. चष्मेवाल्यांना माहितीपट्टी वाचणे जिकिरीचे झाले. मुलांच्या वयाची अट तर देशोदेशी निराळी : फ्रान्समध्ये अकरा वर्षे, स्मिथसोनियनमध्ये आधी सहा व नंतर दोन, भारताच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१मध्ये पाच वर्षे व त्याखालील मुलांना मास्क नको, असे म्हटले. सक्ती उठल्यावर प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांचा प्रश्न उलटा झाला. त्यांच्यासाठी काही संग्रहालयांनी सर्वांनी मास्क लावायचे खास तास ठेवले.

एप्रिल २०२०च्या शेवटी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने दारावरच्या दोन कांस्य सिंहांना शहराच्या ध्वजाचे चित्र असलेले मास्क चढवले होते. पुढे मास्क खुद्द संग्रहातच दाखल झाला : घरी शिवलेले, घोषणा लिहिलेले, रुग्णालयात वापरलेले. एकदा नोंदवहीत क्रमांक पडला की त्याचीही देखभाल आली. कृत्रिम धाग्यांचे कापड पिवळे पडते आणि कानाचे रबर काही वर्षांत ताण गमावून तुटू लागते, म्हणून असे मास्क न ताणता, सपाट ठेवून, आम्लरहित कागदात अंधारात जपतात.